फुटाळ्यावर ताटली बुडवताना

मागच्या रविवारी सकाळी नागपूरच्या फुटाळा तलावावर भुट्टेवाल्याच्याही आधी पोचलो होतो. हातात स्टीलची जुनी ताटली. घर रंगवताना उरलेल्या ऑइल पेंटनं तिचे चार भाग केले होते, दोन पांढरे, दोन काळे. मधल्या भोकातून सुतळी, खाली वजनाला नटबोल्ट. बायकोचं म्हणणं, रिटायर झाल्यापासून माझं काही खरं नाही. असो.

ही युक्ती माझी नाही. अँजेलो सेक्की नावाच्या इटालियन धर्मगुरूनं 1865 मध्ये समुद्रात पांढरी तबकडी सोडून पाणी किती खोलवर आरपार दिसतं ते मोजलं. काळ्या-पांढऱ्या चार भागांची तबकडी नंतर आली. ती दिसेनाशी झाली की सुतळीला खूण, वर ओढताना पुन्हा दिसली की दुसरी खूण, दोन्हींची सरासरी काढायची. झालं.

माझी ताटली कोपरभरही गेली नाही. हिरव्या रश्श्यात वाटी बुडावी तशी गेली.

शेजारी जाळं झटकत बसलेले एक ढीवर काका बघत होते. "काऊन जी, हे काय करून राहिले?"

म्हटलं, पाणी किती साफ आहे ते मोजून राहिलो.

"मंग मासोळीले इचारा ना. ते सांगते."

आणि मग ते मरळीबद्दल बोलायला लागले. पूर्वी काठावर उभं राहिलं की पाण्यात लालसर पिल्लांचा पुंजका हलताना दिसायचा. पिल्लं श्वास घ्यायला वर येत आणि खाली मायबाप राखण करत. मरळीच्या पिल्लांच्या आडवं गेलं तर ती अंगावर येते, हे सांगताना काकांनी तळहात असा झपकन पुढे आणला की मीच मागे सरकलो. "आता पाणीच दिसत नाही, पिल्लं कुठून दिसतीन?"

काकांच्या त्या एका वाक्यात अख्खा विषय आहे. मरळ डोळ्यांनी शिकार करते. पाणवनस्पतीत दबा धरून बसायचं, छोटी मासोळी टप्प्यात आली की झडप घालायची. पाणी गढूळ झालं की तिचा टप्पाच आखूड होतो. मांगूरला मात्र फिकीर नाही, तो मिशांनी चाचपत चिखलात जेवतो, आणि हवेतून श्वास घेता येत असल्यानं ऑक्सिजन कमी पडला तरी तग धरतो. म्हणजे गढूळपणानं सगळे मासे मरत नाहीत, कोण राहणार ते बदलतं. जाळ्यात वजन तेवढंच भरलं, तरी तळं तेच राहिलं असं नाही.

गंमत म्हणजे काचेसारखं पाणी चांगलं हा समजही अर्धाच खरा. मत्स्यपालनात तबकडी साधारण 30 ते 40 सेंटिमीटरवर दिसेनाशी होणं बरं मानतात. कारण त्या हलक्या हिरव्या झाकेवर पाण्यातले बारीक जीव पोसतात, आणि ते कतला माशाच्या पिल्लांचं जेवण. पण पावसाळ्यात काळ्या मातीनं गढूळलेलं पाणी आणि सांडपाण्यानं हिरवं झालेलं पाणी, दोन्हीत तबकडी एकाच खोलीवर हरवू शकते. पहिल्यात उपासमार, दुसऱ्यात अजीर्ण. दाट शेवाळ दिवसा ऑक्सिजन सोडतं आणि रात्री स्वतःच पिऊन टाकतं, म्हणून मासे पहाटे वर येऊन तोंड वासतात. सकाळी फिरायला आलेली मंडळी ते पाहतात आणि कुणीतरी विष टाकलं म्हणून ग्रुपवर फोटो फिरवतात.

व्हिक्टोरिया सरोवरातली गोष्ट तर याहून चटका लावणारी. तिथल्या सिक्लिड माशांच्या माद्या रंग बघून आपल्या जातीचा नर निवडतात. पाणी गढूळलं, रंग कळेनासे झाले आणि जवळच्या जातींची सरमिसळ होऊ लागली. संशोधक ओले झेहाउझेन आणि सहकाऱ्यांनी 1997 मध्ये हे मांडलं. विष नाही, जाळं नाही, नुसता उजेड कमी पडला.

उथळ तळ्यांचा आणखी एक हट्ट असतो. उजेड तळाशी पोचला नाही की पाण्याखालची झाडं मरतात, गाळ धरून ठेवायला मुळं उरत नाहीत, शिवाय कॉमन कार्प मासे तळ उकरत फिरतात. पाणी आणखी गढूळ. मग सांडपाणी थोडं कमी केलं तरी तळं चटकन माघारी येत नाही.

म्हणून आपल्याकडच्या सुशोभीकरणाची मला चीड येते. अंबाझरी तलावाची जलपर्णी काढा, जरूर काढा. पण जलपर्णी ज्यावर पोसली ते सांडपाणी येतच राहिलं, तर मोकळ्या झालेल्या पाण्यावर ऊन पडून शेवाळाची चांदी होणार. मी एका कार्यालयात विचारलं, तलावाचं पाणी किती आरपार दिसतं याची दर आठवड्याची नोंद आहे का? समोरच्या साहेबांनी मला कारंज्याच्या लाइटिंगबद्दल सांगितलं. बाप्पा! शंभर रुपयांच्या आत होणारं काम आहे हे.

निघताना काका म्हणाले, आणा ती ताटली इकडे. पाणी येतं त्या टोकाला गेलो. त्यांनी स्वतः सुतळी सोडली. मनगट बुडायच्या आत ताटली गायब. काकांनी सुतळीला गाठ मारली, ओली ताटली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "हे लिहून ठेवा."