उंदीर म्हणजे माणूस नव्हे, मान्य!

नमस्कार दादा,

परीक्षा सुरू होत्या, म्हणून उत्तराला उशीर झाला. पॅरासिटामॉल आणि यकृत या माझ्या लेखावर तुम्ही लिहिलंत, ‘मुक्या जिवाला मुद्दाम विष पाजायचं आणि त्याला संशोधन म्हणायचं? उंदीर म्हणजे माणूस नव्हे. यातून हाती काय लागलं?’

हाती विषावरचा उतारा लागला. पॅरासिटामॉलच्या अतिडोसाने यकृत जातं हे १९६६ मध्ये ब्रिटनमधल्या रुग्णांवरून कळलं, पण का जातं ते कळेना. १९७३ मध्ये अमेरिकेत माऊसवर, म्हणजे छोट्या पांढऱ्या उंदरावर, झालेल्या प्रयोगांनी ते उलगडलं. गोळीचा थोडा भाग यकृतात विषारी रूप घेतो. ग्लुटाथायोन हे पेशींतलं संरक्षक द्रव्य त्याला तिथल्या तिथे निकामी करतं. डोस भरमसाट झाला की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि विष पेशींनाच चिकटतं. मग साठाच भरून काढला तर? त्या विचारातून एन-अॅसिटिलसिस्टीन हे उताऱ्याचं औषध आलं. गोळ्या खाल्ल्यापासून आठ तासांत ते मिळालं, तर यकृत बहुतेक वेळा वाचतं.

अशा यकृताची स्लाइड मी अजून विसरले नाही. मध्यशिरेभोवती, म्हणजे यकृताच्या प्रत्येक छोट्या कप्प्याच्या मधल्या शिरेभोवती, पेशींच्या नुसत्या फिकट गुलाबी सावल्या, केंद्रकं गायब. थोडं बाजूला सरकावं, तर पेशी धडधाकट. विष तयार करणारं एन्झाइम मध्यशिरेजवळ जास्त असतं, म्हणून तिथेच कडं पडतं. माणसाच्या यकृतातही तेच कडं दिसतं.

आता तुमचा मुद्दा. माऊसचं यकृत जाळणारा डोस मोठ्या रॅटला बहुधा पचतो. उंदरा-उंदरातच इतका फरक! १९९३ मध्ये फियालुरिडिन हे हिपॅटायटिस बीचं औषध १५ रुग्णांना दिलं, त्यातले ५ दगावले आणि दोघांचं यकृत बदलावं लागलं. प्राण्यांवरच्या चाचण्यांत त्याचा सुगावाही लागला नव्हता. म्हणून उंदीर सुरक्षिततेची हमी देऊ शकत नाही, हे तुमचं म्हणणं मला पूर्ण पटतं.

आणि क्रूरतेचं म्हणाल, तर तिथे मी तुमच्या बाजूने आहे, कदाचित तुमच्याही पुढे. नळीने औषध पाजण्यासाठी रॅट धरला की त्याच्या छातीची धडधड बोटांना लागते. मी इथे कोल्हापुरात फार्मसीच्या मुलांना शिकवते. आमच्याकडे एम.फार्म.चे प्रबंध येतात, त्यांतले कितीतरी एकाच साच्याचे. एखाद्या झाडपाल्याचा अर्क रॅटला आठवडाभर पाजायचा, मग पॅरासिटामॉलने यकृत बिघडवायचं, सिलिमारिन या यकृतरक्षक मानल्या जाणाऱ्या वनस्पतिजन्य औषधाशी तुलना करायची आणि ‘अर्क यकृतरक्षक आहे’ असं लिहून मोकळं व्हायचं. अहो, विष घेण्याआधी आठवडाभर काढा पिणारा रुग्ण कुठे असतो? १९७३ च्या त्या उंदरांनी नवं काही सांगितलं. हे जीव कशासाठी गेले? प्राण्यांवरच्या प्रयोगांना मंजुरी देणाऱ्या समितीच्या पुढच्या बैठकीत मी हे बोलणार आहे.

‘झाडपाला कधी यकृत बिघडवत नाही’ हे मात्र तुमचं मान्य नाही. कोविडच्या काळात गुळवेल घेणाऱ्या ६ जणांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद मुंबईच्या डॉक्टरांनी प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाने ती नाकारली, वाद झाला. तरी कावीळ दिसली तर काढ्याबद्दलही डॉक्टरांना सांगायलाच हवं.

तुमच्या आई गुडघ्यांसाठी पॅरासिटामॉलची ६५० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून चार वेळा घेतात, वर सर्दीची वेगळी गोळी, असं तुम्ही लिहिलंय. सर्दीच्या पाकिटाची मागची बाजू आजच वाचा. बहुतेक त्यातही पॅरासिटामॉल असतं. निरोगी मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम, वजन कमी असेल किंवा यकृताचा त्रास असेल तर त्याहूनही कमी. दोन्ही पाकिटं घेऊन त्यांना डॉक्टरांकडे न्या.