दोन घरचा पाहुणा

घरी इंटरनेटची जोडणी एकच होती, तोवर ती बंद पडली की शिव्या कोणाला द्यायच्या याबद्दल आमच्यात एकमत होते. पावसाळ्यात ती तिसऱ्यांदा बंद पडल्यावर मी दुसऱ्या कंपनीचीही फायबर घेतली आणि दोन्ही तारा एकाच राउटरला जोडल्या.

दोन्ही कंपन्यांच्या डब्यांनी (मोडेमांनी) घरच्या नेटवर्कमधला आपला पत्ता १९२.१६८.१.१ असाच सांगितल्यामुळे पहिला दिवस एकाचे नामांतर करण्यात गेला. मग मी समतेच्या भावनेने 'लोड बॅलन्सिंग', म्हणजे दोन्ही जोडण्यांवर कामाची वाटणी, सुरू केले. त्यानंतर प्रत्येक नवे कनेक्शन आलटूनपालटून वेगळ्या वाटेने निघू लागले. प्रत्येक वाटेला त्या-त्या कंपनीने दिलेला इंटरनेटवरचा पत्ता वेगळा. परिणामी बँकेच्या संकेतस्थळावर माझे नाव एका पत्त्यावरून आणि ओटीपी दुसऱ्याच पत्त्यावरून पोहोचला, आणि बँकेने सुरक्षिततेच्या कारणास्तव मला बाहेर काढले. तेव्हा समता सोडून मी दुसरी जोडणी केवळ अडीअडचणीसाठी राखून ठेवली. तरीही पहिली बंद पडल्यावर राउटर ढिम्म हलेना. तो दर पाच सेकंदांनी आमच्याच दिवाणखान्यातल्या डब्याला 'आहेस का?' असे विचारत होता, आणि डबा, पुढची सगळी वाट बंद असताना, हिरवा दिवा लावून 'आहे' म्हणत होता. चौकशी घराबाहेरच्या, गूगलच्या ८.८.८.८ या सर्व्हरकडे वळवली, तेव्हा कुठे त्याला खरी परिस्थिती समजली.

नेटवर्कमध्ये नोकरी करणारा भाचा म्हणाला, "मामा, हे पत्ते तुमचे नाहीतच, कंपन्यांचे आहेत. कंपनी बदलली की पत्ता बदलणारच." स्वतःचा पत्ता दोन्ही वाटांनी जगाला कळवायचा, तर आयआरआयएनएनकडून, म्हणजे भारतात इंटरनेटचे पत्ते वाटणाऱ्या संस्थेकडून, एएस क्रमांक (स्वतंत्र नेटवर्क म्हणून ओळख क्रमांक) घ्यावा, निदान २५६ पत्त्यांचा गट घ्यावा, कारण त्याहून लहान गटाची दखल बहुतेक मोठी नेटवर्के घेत नाहीत, आणि दोन्ही कंपन्यांशी बीजीपी, म्हणजे कोणता पत्ता कोणत्या वाटेने गाठायचा हे नेटवर्कांनी एकमेकांना कळवण्याची पद्धत, जुळवावे. या बीजीपीचा पहिला आराखडा १९८९ साली दोन अभियंत्यांनी जेवताना कागदी नॅपकिनवर काढला होता. आमच्या घरी जेवताना एवढा कागद कोणी वाया जाऊ देत नाही. शिवाय घरात टीव्ही धरून यंत्रे अकरा. उरलेले २४५ पत्ते काय भाड्याने द्यायचे? घरगुती ग्राहकाला बीजीपी सहसा कोणी करून देत नाही, हे भाच्याने चहा संपल्यावर सांगितले.

गेल्या आठवड्यात कोपऱ्यावरच्या गुलमोहराची फांदी पडली आणि दोन्ही जोडण्या एकाच क्षणी गेल्या. दोन्ही तारा एकाच खांबावर, एकाच प्लॅस्टिकच्या पट्टीने, शेजारधर्माने बांधलेल्या होत्या. संध्याकाळी दोन्ही कंपन्यांची माणसे आली. शिडी मात्र एकाकडेच होती.