सध्या काय वाचताय? माझं स्मृतिचित्रे चालू आहे
ताई, तुमच्या लेखात विचारलंय ना सध्या काय वाचताय, तर माझं लक्ष्मीबाई टिळकांचं आत्मचरित्र, स्मृतिचित्रे, चालू आहे. नाशिककरांनी तर वाचायलाच पाहिजे कारण लक्ष्मीबाईंचं माहेर आपल्या जलालपूरचं, गोदाकाठचं. वडिलांचं सोवळं इतकं कडक की घरात येणारी वस्तू आधी धुवायची, आणि त्यात घरच्यांचे जे हाल झाले ते इतक्या मोकळेपणाने लिहिलेत की आपण हसतो आणि दुसऱ्याच मिनिटाला घशात आवंढा येतो. पुढे १८९५ मध्ये नवऱ्याने ख्रिस्ती धर्म घेतला, बाई एकट्या पडल्या, आणि पाच वर्षांनी १९०० साली स्वतःच्या विचाराने त्यांनीही बाप्तिस्मा घेतला, तो सगळा मधला काळ वाचताना पुस्तक खाली ठेववत नाही. फार शिक्षण नसलेल्या बाईने हे लिहिलंय आणि भाषा बघा, एकदम समोर बसून बोलल्यासारखी. मला विचाराल तर मराठीत याच्या तोडीचं आत्मचरित्र नाही. पूर्ण आवृत्तीच घ्या, संक्षिप्त नको, बारीकसारीक किस्से त्यातच खरी मजा.

हे झालं की बाबूराव बागूलांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह परत काढणारे, १९६३ चा आहे पण आजही अंगावर येतो. बागूलही आपल्या नाशिकचेच, तरी इथल्या पोरांना नाव माहीत नसतं याचं फार वाईट वाटतं.

विकत घ्यायला जमत नसेल तर नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयाचे सभासद व्हा, १८४० पासूनचं आहे ते. आणि ताई, तुमच्या पुढच्या लेखात आत्मचरित्रांवर लिहा ना प्लीज.