फुटबॉलवर बोलू द्या की जरा!

दर सोमवारी आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या बाजारात मित्रांबरोबर भाजी-पाव खाताना हेच! मी आदल्या दिवशीच्या मॅचचा विषय काढायचा आणि दोन वाक्यांत गाडी आमदारांवर. 2022 साली काँग्रेसचे आठजण एकदम भाजपात गेले, तो किस्सा खेळाडूंनी क्लब बदलावा तसा ‘ट्रान्सफर’ म्हणून हे मित्र अजून उगाळतात. मग सिनेमातले डायलॉग, मग पैजा. हरलास तर अर्धी मिशी काढ! काल तर एकाने पैजेपायी सात हिरव्या मिरच्या कचाकचा चावल्या. डोळ्यांतून धारा लागल्या आणि हे टेबल बडवून हसतायत.

अरे, फुटबॉल आपला राज्य खेळ आहे. ब्रह्मानंद शंखवाळकरांसारखा गोलकीपर आपल्या गोव्याने देशाला दिला. 2021 च्या ड्युरंड कपची फायनल आठवा, आपला एफसी गोवा विरुद्ध मोहम्मडन क्लब. कोलकात्यात, मोहम्मडनच्या घरच्या शहरात 90 मिनिटं एकही गोल नाही. जादा वेळेत आपल्या एदू बेदियाची फ्री किक थेट जाळ्यात! अंगावर काटा येतो अजून. त्यावर बोला ना तासभर!

काल शेजारच्या पोराने विचारलं, ‘काका, फ्री किकला भिंतीत किती जण उभे करायचे?’ मी तोंड उघडलं, तोवर मिशीचा आरडाओरडा सुरू. पोरगा चहा संपवून निघून गेला.