नाव मधेच घेतलं तर यमक हवंच कशाला? ताईंच्या प्रतिक्रियेला उत्तर

ताई, तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं असं, की उखाण्यात नाव पूर्वापार मधेच येतं, '…रावांचं नाव घेते' म्हणून यमक दुसरीकडे जुळवतात, मग नावालाच यमक शोधायचा अट्टहास कशाला? शिवाय मी भाचीच्या उखाण्यात 'समीर'ला 'मंदिर' जोडलं, ते ह्रस्व-दीर्घात चुकलं.

पहिलं अर्धं मान्य. ती रीत जुनी आहे, सोयीची आहे. पण त्या साच्यात समीरच्या जागी सचिन घातला तरी काही बिघडत नाही, आणि मला खुपतं ते नेमकं हेच. सगळे कान टवकारून बसलेले असतात ते त्या एका नावासाठी. आधीच्या ओळीत 'पर्व' ऐकू आलं, की 'अथर्व' ओठांवर येण्याआधीच बायका हसू लागतात. म्हणून शोधलेला शब्द आधी, नाव शेवटी. उलटं केलं की शब्द ओढूनताणून आणल्यासारखा वाटतो.

आता ह्रस्व-दीर्घ. 'मंदिर' तत्सम, म्हणजे संस्कृतातून जसाच्या तसा आलेला शब्द, म्हणून ह्रस्व लिहायचं, 1962चे शुद्धलेखनाचे नियमही तेच सांगतात. पण मोठ्याने म्हणून बघा. मराठी तोंडातून 'मंदीर'च निघतं, कारण अकारान्त शब्दातला शेवटून दुसरा इकार आपण लांबवतोच. उखाणा कुणी वाचत नाही, ऐकतात. कानाला 'ईर' जुळलं की यमक जुळलं. उलट 'समीर'ला 'शेजार' जोडलं, तर शेवटी 'र' असूनही ते यमक नव्हे. त्याआधीचा स्वरही जुळावा लागतो.

तो उखाणा भाचीसाठी केला होता. धीर, तीर, खीर, अबीर सगळं मांडून झालं, एकही शब्द तिच्या समीरचा वाटेना. शेवटी तिलाच विचारलं, लग्नानंतर कुठे गेलात गं? म्हणाली, जेजुरीला. मग काय!

जेजुरीला जोडीने गेलो, समोर गडावर मंदिर,
पाच पायऱ्या मला उचलून नेऊनही दमला नाही समीर.

हे दुसऱ्या कुणाच्या नवऱ्याला लागू होणार नाही, आणि म्हणूनच ते मला प्रिय आहे.

तुमच्या होणाऱ्या जावयाचं नाव ऋग्वेद, आणि त्याला खेद, भेद, छेद असे कडूच शब्द सापडतात, असंही तुम्ही लिहिलंय. कडू शब्द टाकून देऊ नका, त्यांना घरात आणून लहान करा. लेकीला विचारा, दोघांचं कशावरून वाजतं. समजा ती म्हणाली, पोह्यांवरून:

पोह्यांत बटाटा हवा की नको, एवढाच आमच्यात मतभेद,
बाकी सगळं निमूट ऐकतो माझा ऋग्वेद.

पोहे नसतील तर जे असेल ते कळवा, पहिली ओळ बदलून देते.