पाच लाखांची तीन शहरे आणि एक ब्लेझर

पुतण्याचे लग्न ठरले आणि आमच्या यजमानांसाठी एक चांगला ब्लेझर घ्यावा, एवढ्या साध्या कामासाठी मला तीन शहरे पालथी घालावी लागली. माप अवघड नाही. छाती ४४, मात्र हात आखूड, त्यामुळे कोणत्याही तयार कोटाची बाही दीड इंचाने कमी करावी लागते. आमच्या सांगलीच्या विश्रामबागेतल्या एका मोठ्या, काचेच्या दर्शनी भागाच्या शोरूममध्ये गेलो, तेव्हा तिथला मुलगा अत्यंत नम्रपणे म्हणाला, "मॅडम, आमच्याकडे ४२ पर्यंतच येतो. कोल्हापूरच्या शोरूमला बघा, नाहीतर टॅबवरून ऑर्डर टाकून देतो, घरपोच येईल." टॅबवरून मागवायचे असते, तर मला घरी बसून मोबाइलवरही मागवता आले असते. अंगावर घालून आरशात पाहता यावे म्हणून तर आम्ही दोघे गुडघे सांभाळत तिथवर गेलो होतो. त्या सबंध मजल्यावर ज्येष्ठ माणसाला टेकायला एक खुर्चीही नव्हती, हे जाता जाता नोंदवून ठेवते.

माझी सगळी नोकरी बँकेत गेली. सातारा, कोल्हापूर आणि बेळगाव अशा बदल्या झाल्या आणि शेवटची काही वर्षे सांगलीत, त्यातला बराच काळ कर्ज विभागात. ज्या व्यापाऱ्यांचे कॅश क्रेडिट खाते, म्हणजे दुकानातल्या मालाच्या तारणावरचे कर्ज असते, त्यांच्याकडून दर महिन्याला स्टॉक स्टेटमेंट, म्हणजे शिल्लक मालाचा तक्ता घ्यायचा आणि अधूनमधून दुकानात जाऊन माल प्रत्यक्ष पाहून यायचा, हे माझे काम होते. त्यामुळे दुकानात शिरले की माझे लक्ष दर्शनी पुतळ्यांकडे न जाता मागच्या मांडण्यांकडे जाते. एका डिझाइनचे किती नग आहेत, मापे सलग आहेत की मधली गळालेली आहेत, माल या मोसमातला आहे की मोठ्या शहरात उरलेला इकडे पाठवला आहे, हे तिथे कळते. शहराची खरी पत दुकानाच्या काचेपेक्षा त्याच्या गोदामात अधिक स्पष्ट दिसते, असा माझा अनुभव आहे.

२०११ च्या जनगणनेत सांगली-मिरज-कुपवाड महापालिकेची लोकसंख्या ५ लाख २ हजारांच्या वर होती, कोल्हापूर शहराची ५ लाख ४९ हजार आणि बेळगावची ४ लाख ८८ हजार. म्हणजे ही तिन्ही शहरे जवळजवळ एकाच वजनाची. उसाचा पैसा कमीअधिक तिन्हीकडे आहे, डॉक्टर-वकील-कारखानदार तिन्हीकडे आहेत. तरीही उंची कपडे, घड्याळे, अत्तरे, पादत्राणे किंवा घरसजावटीच्या वस्तू एका छताखाली नीट मांडलेले दालन म्हणून जे काही आपण म्हणतो, ते या तीन शहरांत तीन प्रकारचे आहे आणि सांगलीचा त्यात शेवटचा क्रमांक लागतो. सांगलीकर रसिक नाहीत किंवा हात आखडता घेतात, असे याचे कारण नेहमी सांगितले जाते. मला ते अजिबात मान्य नाही. अशी दालने शहरात राहणाऱ्यांच्या जिवावर फार थोडी चालतात. खरेदीच्या निमित्ताने बाहेरून शहरात कोण येते, यावर ती उभी राहतात, आणि सांगली हे खरेदीसाठी येण्याचे नव्हे, तर खरेदीसाठी बाहेर पडण्याचे शहर झालेले आहे.

कोल्हापुरात अंबाबाईच्या दर्शनाला आलेला माणूस महाद्वार रोडवरून मोकळ्या हाताने परतत नाही. शिवाय घाट चढून आलेले निम्मे कोकण, गडहिंग्लज-चंदगड, सीमेपलीकडची निपाणी हे सगळे कोल्हापूरचे ठरलेले गिऱ्हाईक. म्हणून महाद्वार रोड, सराफांची गुजरी, राजारामपुरी आणि ताराराणी चौकाजवळचा डीवायपी सिटी मॉल असे चार थरांचे बाजार एकाच शहरात आपापले पोट भरू शकतात. बेळगावला गोव्याचे लोक चोर्ला घाटाने येतात. तिथे मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र आहे, त्यामुळे देशभर बदल्यांवर फिरलेली लष्करी कुटुंबे आहेत, आणि वैद्यकीय व अभियांत्रिकी महाविद्यालयांतली परगावची मुले आहेत. ज्याने चार मोठी शहरे पाहिलेली असतात, तो गिऱ्हाईक म्हणून अधिक चोखंदळ असतो. त्याला माप नाही असे सांगितले, तर तो वाद घालतो आणि हळूहळू दुकान सुधारते.

सांगलीतही बाहेरचे लोक रोज हजारोंनी येतात, पण ते कशासाठी येतात हे पाहा. मार्केट यार्डात हळद, बेदाणा आणि गूळ घेऊन आलेला शेतकरी सौदा झाला की पट्टी, म्हणजे विक्रीच्या हिशेबाची चिठ्ठी, घेऊन गाडी गाठतो. मिरजेला कर्नाटकातून येतात ते रुग्ण आणि त्यांचे नातेवाईक. दवाखान्यात डबा पोहोचवायला आलेला माणूस परतताना साडीच्या दुकानात शिरत नाही. त्यातही एक गोम अशी, की १९९८ मध्ये तीन गावांची एक महापालिका झाली खरी, परंतु बाजार काही एक झाले नाहीत. मिरजकर अजूनही लक्ष्मी मार्केटला जातो आणि सांगलीकर मारुती रोडला, त्यामुळे कागदावरचे पाच लाख व्यापाऱ्याच्या गल्ल्यात दोन वेगवेगळ्या मध्यम गावांसारखे पडतात. एखादी कंपनी लोकसंख्येचा आकडा पाहून येथे शोरूम काढते, वर्ष-दीड वर्षाने विक्री पाहते, आणि मग माप ४२ वर थांबते.

इतिहास पाहिला तर हे उलट व्हायला हवे होते. बेळगावचे शहापूर, जिथल्या हातमागाच्या साड्यांना कोणे एके काळी फार मान होता, ते सांगली संस्थानात होते. पु. ना. गाडगीळ ही सराफी पेढी १८३२ मध्ये सांगलीत सुरू झाली आणि पुण्याच्या लक्ष्मी रस्त्यावर ती १९५८ मध्ये गेली, तरी आज पुण्याकडचे पाहुणे सांगलीत येऊन "तुमच्याकडेही आता पीएनजीची शाखा निघाली का?" असे आम्हालाच विचारतात. उंची माल ओळखण्याची नजर या गावाला होती. मात्र ती नजर पेढीवर बसून घडलेली होती, मजल्यांवर फिरून नव्हे.

पेढीचा हा प्रकार बाहेरच्यांना समजावून सांगावा लागतो. गणपती पेठेत किंवा हरभट रोडला कापडाच्या जुन्या दुकानात तुम्ही जाता, तेव्हा चपला बाहेर काढून पांढऱ्या गादीवर बसता. समोरचा माणूस आधी तुमच्या सासऱ्यांच्या तब्येतीची चौकशी करतो, मग चहा सांगतो, मग बजेट न विचारता तुमच्या बांगड्यांवरून ते ओळखतो आणि बरोबर त्याच्या हजारभर रुपये वरची साडी पहिली उघडतो. एकीमागून एक घड्या मोडत जातात, पदर तुमच्या खांद्यावर टाकून आरसा धरला जातो, आणि अर्ध्या तासाने गादीवर पन्नास साड्यांचा ढीग पडलेला असताना काही न घेता उठण्याची तुमची छाती होत नाही. हा पाहुणचार मला मनापासून आवडतो आणि त्याचीच मला धास्तीही वाटते. इथे तुम्हाला ओळखतात, हा इथला ऐषाराम आहे. चांगल्या दालनाचा ऐषाराम याच्या नेमका उलटा असतो: तिथे तुम्हाला कोणी ओळखत नाही, किंमत चिठ्ठीवर छापलेली असते, तुम्ही दहा हजारांच्या पर्सला हात लावून ती जागेवर ठेवू शकता आणि तुमची ऐपत संध्याकाळपर्यंत गल्लीत पोहोचत नाही. गावातल्या सुनेला आणि नुकत्याच कमावत्या झालेल्या मुलीला या दुसऱ्या प्रकारची किती गरज असते, हे पेठेतल्या पुरुष व्यापाऱ्यांना कधी कळले असेल असे वाटत नाही.

"एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही" ही पाटीही त्याच पेढीची देणगी. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार सदोष माल बिलात दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिलेली नसेल तर तीस दिवसांत, परत घेण्यास नकार देणे ही अनुचित व्यापारी प्रथा ठरते. पाटी मात्र जागच्या जागी आहे.

कृष्णामाईचाही या गोष्टीत हात आहे. २००५, २०१९ आणि २०२१ अशा तीन महापुरांनी जुनी पेठ धुऊन काढली. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळची धोक्याची पातळी ४५ फूट, आणि २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेले. पाणी ओसरल्यावर चिखलाने माखलेले कापडाचे ताके रस्त्यावर ढिगाने पडलेले मी पाहिले आहेत. त्यानंतर तळमजल्यावर भारी माल मांडण्याची हिंमत कोण करणार? मोठ्या शोरूम मिरज रस्त्याने विश्रामबागेकडे सरकल्या आणि पेठ व शोरूम यांच्यात मैलांचे अंतर पडले. कोल्हापुरातही शाहूपुरी-लक्ष्मीपुरीत पाणी शिरले, पण राजारामपुरी उंचावर असल्याने बाजाराला वर सरकायला शहरातच जागा होती.

साताऱ्याबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. राजपथ, मोती चौक आणि खण आळी यांतली दुकाने नेटकी आहेत, परंतु दोन-अडीच तासांत पुणे गाठता येते, तेव्हा सव्वा लाखाच्या गावात उंची दालन काढून कोणाच्या वाटेकडे डोळे लावून बसायचे? उलट छत्रपती संभाजीनगर पुण्या-मुंबईपासून पुरेसे दूर आहे. २०१० मध्ये तिथे प्रोझोन मॉल सुरू झाला आणि त्याच वर्षी तिथल्या उद्योजक-व्यावसायिकांनी एकत्र येऊन दीडशे मर्सिडीज गाड्या घेतल्या. मोठ्या शहराचे जवळ असणे हा मध्यम शहराच्या बाजाराला लागलेला पहिला गळ आहे, आणि सांगलीला तर पन्नास किलोमीटरवर कोल्हापूर व चार-पाच तासांवर पुणे असे दोन गळ लागलेले आहेत. लग्नाचा बस्ता बांधायला आमच्याकडचे लोक कोल्हापूरजवळच्या गांधीनगरच्या कापडबाजारात जातात आणि नवरा-नवरीचे खास कपडे पुण्याला घेतात. सांगलीच्या वाट्याला मानपानाच्या साड्या आणि टॉवेल-टोप्या उरतात.

या भागात एका छताखालच्या दालनाची कल्पना कोणत्याही शहरी कंपनीच्या आधी सहकाराने रुजवली, हे मात्र सांगायला हवे. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणानगरला तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने उभा राहिलेला वारणा बझार पाहायला आम्ही मुद्दाम गेलो होतो. खेड्यातली बाई स्वतःच्या हाताने मांडणीवरून वस्तू उचलते आहे, हे दृश्य तेव्हा नवे होते. तिथे चैनीचा माल नव्हता, पण भीड न बाळगता वस्तू हाताळण्याची मोकळीक होती.

ब्लेझरचे सांगायचे राहिले. कोल्हापुरात ४४ मिळाला, पण बाही कमी करून द्यायला त्यांच्याकडे शिंपी नव्हता. आठ दिवसांनी एका बारशाच्या निमित्ताने बेळगावला जाणे झाले. तिथल्या शोरूममध्ये मागच्या खोलीतून गळ्यात टेप अडकवलेले एक वयस्क गृहस्थ आले, त्यांनी यजमानांना खुर्चीवर बसवले, हात दुमडायला लावून खडूने खूण केली आणि आम्ही कॅम्पात कुंदा घेऊन येईपर्यंत बाही तयार ठेवली. बटणेही नव्या बाहीच्या मापाने वर सरकवलेली होती. बिल मात्र चांगलेच झोंबले, कारण २२ सप्टेंबर २०२५ पासून अडीच हजारांच्या वरच्या तयार कपड्याला १८ टक्के जीएसटी आहे, आणि नुसत्या कापडाला ५.

लग्नात आमचे पेठेतले नेहमीचे कापडवाले भेटले. त्यांनी नमस्काराच्या आधी कोटाची बाही दोन बोटांत धरली, उलटून आतली शिलाई पाहिली आणि कुठून शिवला म्हणून विचारले. तयार घेतला, बेळगावच्या शोरूममध्ये, बाहीसुद्धा त्यांच्याच शिंप्याने केली, असे मी थोड्या अपराधी सुरात सांगितले. ते क्षणभर काही बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "वहिनी, तो शिंपी सांगलीला येईल का, विचारून बघता?"