अक्षता पडताना चित्र का फुटतं?

नमस्कार. तुमचा राग निम्मा तरी रास्त आहे. माझ्या लेखातल्या सूत्राने (डिस्कची जागा भागिले चित्रणाचे सेकंद, वजा आवाज) बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला वापरायचे किलोबिट, काढूनही बहिणीच्या लग्नाची डीव्हीडी खराब निघाली, अक्षता पडू लागल्या की चित्राचे चौकोन होतात, असं तुम्ही लिहिलंय. ‘सरळ 8000 ठेवा’ म्हणायचं सोडून लोकांना गणितात का अडकवता, हा तुमचा सवाल.

आधी 8000 चं बघू. साध्या डीव्हीडीत 4.7 जीबी, म्हणजे 3 कोटी 76 लाख किलोबिट मावतात. संगणक वेगळ्या मापाने मोजून 4.37 दाखवतो, पण जागा तीच. 8000 ने साधारण सव्वा तासातच डिस्क भरते. तुमचं लग्न 2 तास 40 मिनिटांचं. तीन डिस्क लागतील.

आता ती जागा तुमच्या लग्नाच्या 9600 सेकंदांनी भागा: साधारण 3916. मेनू वगैरेसाठी 4 टक्के सोडले की 3760. त्यातून आवाज वजा करायचा, आणि इथेच माझी चूक झाली. कोणता आवाज, ते मी लिहिलंच नाही. तुमच्या स्क्रीनशॉटमध्ये ऑडिओपुढे पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, आहे. तो एकटा 1536 खातो, चित्राला जेमतेम 2200 उरतात. त्याऐवजी डॉल्बी डिजिटल हा दाबलेला आवाज घ्या, 192 वर ठेवा. चित्राला साडेतीन हजार मिळतील आणि सनई, मंगलाष्टकं स्वच्छच ऐकू येतील.

दुसरं म्हणजे तुम्ही सीबीआर, म्हणजे सगळीकडे एकच बिटरेट, निवडलाय. एन्कोडर, म्हणजे चित्रण दाबून लहान करणारा प्रोग्रॅम, आधीच्या फ्रेमपेक्षा जे बदललं तेवढंच प्रामुख्याने साठवतो. मंगलाष्टकाचं कडवं चालू असतं तोवर फारसं काही हलत नाही. ‘सावधान’ झालं की शेकडो दाणे हवेत, सगळ्यांचे हात वर, त्यात फोटोग्राफरचे फ्लॅश. दर फ्लॅशला अख्खी फ्रेम बदलते. सीबीआर दोन्हींना सारखेच बिट वाटतो. टू-पास व्हीबीआर, म्हणजे दोन फेऱ्यांत ठरणारा कमी-जास्त बिटरेट, घ्या: सरासरी 3500, कमाल 8000. पहिल्या फेरीत तो फक्त पाहणी करतो, दुसऱ्या फेरीत स्वागतसमारंभातल्या स्थिर रांगेतून वाचवलेले बिट अक्षतांना देतो. वेळ जवळपास दुप्पट लागेल, रात्री लावून झोपा.

डीव्हीडीत चित्राला कमाल 9800 चालते हे खरं, पण घरी बर्न केलेल्या डिस्कवर जुने प्लेअर तिथे अडखळतात, म्हणून 8000.

आणि पंगतीचं चित्रण 20 मिनिटांनी कापता आलं तर जरूर कापा. चित्राची सरासरी थेट 4100 पर्यंत जाते. लग्नाची डिस्क घरात वर्षानुवर्षं बघितली जाते, तो क्षण फुटका दिसू नये असं मलाही मनापासून वाटतं. मूळ लेखात आवाजाबद्दलची ओळ आत्ताच घातली आहे.